मध्यंतरात घरी गेलेला कोच

माझ्या एका वाक्यामुळे ओसाकातल्या एका कॉलेजच्या लॅक्रॉस टीमचा कोच ऐन सामन्याच्या मध्यंतरात पिशवी उचलून घरी गेला. वाक्य जपानी होतं. निदान माझा तसा समज होता.

त्या वर्षांत पुण्यातले कॉम्प्युटरवाले भराभर जपानला निघाले होते. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली तीन घरं तर एकाच उन्हाळ्यात कुलपं लावून तोयोसुला गेली. माझा नवरा शिरीष याच्या वाट्याला ओसाका आलं, आणि शिरीषबरोबर ते माझ्याही वाट्याला आलं. माझी धाकटी नणंद मधुरा मात्र स्वतःच्या हिमतीवर आली होती. पुण्यात जपानी शिकून, परीक्षा देऊन, तिने इथल्या कॉलेजात प्रवेश मिळवला होता. पहिल्याच आठवड्यात तिला लॅक्रॉस क्लबच्या मुलींनी गाठलं आणि विचारलं, "तुला पळता येतं का?" मधुरा शाळेत खो-खोची कॅप्टन होती. तिने "येतं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घराच्या दारामागे एक जाळी लावलेली काठी उभी राहिली.

लॅक्रॉस म्हणजे काय, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. फुलपाखरं पकडायच्या जाळीसारखी जाळी, त्यात रबरी चेंडू, आणि तो चेंडू जाळीत ठेवून पळत सुटायचं. समोरची मुलगी आपल्या काठीने तो उडवायला बघते. शेवटी गोलात मारायचा. दोन सामने बघितल्यावर मला खेळाचे नियम समजले आणि तिसऱ्या सामन्यापासून मला मतं सुचू लागली.

मतं सगळ्यांनाच होती. मधुराची टीम सतत हरायची, त्यामुळे बोलायला विषय भरपूर. दर रविवारी मैदानाच्या कडेला निळ्या प्लॅस्टिकवर आमचं मंडळ बसायचं. एक नाकाजिमा-सान, निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांची नात टीमची कॅप्टन. दुसऱ्या ओगावा-सान, भाजीचं दुकान चालवणाऱ्या. त्यांची मुलगी गोलकीपर. आणि आम्ही दोघं.

वाद कोचवरून व्हायचा. कोच तानाबे-सान याच कॉलेजचा जुना खेळाडू. आठवडाभर औषधकंपनीत नोकरी करायचा आणि रविवारी हौसेने येऊन शिकवायचा. अतिशय सज्जन माणूस. एखादी मुलगी चुकली तर तोच तिची माफी मागायचा.

"मऊ आहे," नाकाजिमा-सान म्हणायचे. "गाडी वेळेवर सोडायची तर शिट्टी जोरात वाजवावी लागते."

"शिट्टी वाजवून भाजी उगवत नाही," ओगावा-सान म्हणायच्या. "दोन वर्षं द्या त्याला. टीम कशी होते बघा."

"दोन वर्षांत आपण तिसऱ्या गटात असू."

"मग तिथे जिंकू."

शिरीष यात ऑफिसची भाषा घुसवायचा. त्याने टीमच्या पराभवांचा तक्ता बनवला होता, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा. (हिरवा रंग कुठेच नव्हता. खाली रंगांच्या यादीत तेवढा होता.) आणि माझं मत असं, की तानाबे-सान मधुराला गोलाजवळ राखणीला ठेवून फुकट घालवतोय. जिला हुलकावणी देता येते तिला पुढे पाठवायला नको का? हे मी प्रत्येक रविवारी शिरीषला मराठीत सांगायचे.

त्या रविवारचा सामना शेवटचा होता. जिंकलो तर दुसऱ्या गटात राहायचं, हरलो तर खाली. मध्यंतराला आम्ही दोनाविरुद्ध पाच गोलांनी मागे. ओगावा-सानांनी ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या मुटक्यांचा, डबा उघडून पुन्हा बंद केला. मी शिरीषला पुन्हा तेच सांगायला लागले.

"मला काय सांगतेस?" तो म्हणाला. "त्यालाच सांग की. तू जपानी शिकतेयस ना?"

शिकत होते. दर गुरुवारी वॉर्ड ऑफिसात परदेशी बायकांसाठी वर्ग असायचा. तो घ्यायची एमि-सान, तानाबे-सानची बायको. मी तिची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होते. (वर्गात आम्ही चौघी होतो आणि बाकीच्या तिघी येत नसत.) महिन्याभरापूर्वी वर्ग बंद झाला, कारण एमि-सानला नववा महिना लागत होता. तरी तोवर माझ्याकडे बरंच जपानी जमा झालं होतं आणि ते वापरायला माणूस मिळत नव्हता.

तेवढ्यात तानाबे-सान स्वतःच आमच्याकडे आला. पाठीराख्यांना वाकून नमस्कार करायची पद्धत असते, हरत असलात तरी. मी उठून उभी राहिले. "कोचने डावपेच बदललेले बरे" असं मला म्हणायचं होतं. डावपेचांना काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. म्हटलं, राहू दे, तो समजून घेईल. आणि मी सावकाश, स्पष्ट, एमि-सान शिकवायची तशी म्हणाले, "कोओची वा काएत्ता होऊ गा ई."

तानाबे-सानचा चेहरा पांढरा पडला.

मला वाटलं, माझ्या जपानीचा परिणाम झाला. "आत्ता?" त्याने विचारलं.

"हो, आत्ता," मी म्हणाले. "लवकर." मध्यंतर दहाच मिनिटांचं होतं.

"एमिकडून?"

हे जपानी एमिकडून शिकलात का, असं तो विचारतोय हे उघड होतं. मी अभिमानाने म्हणाले, "हो, एमि-सेन्सेईंकडूनच."

त्याने मोबाइल काढून नंबर लावला, कानाला धरला, कुणी उचलला नाही. मग हातातली डावपेचांची पाटी त्याने दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली, कमरेत वाकला, पिशवी उचलली आणि स्टेशनच्या दिशेने पळाला. इतक्या वेगात पळताना त्याच्या टीमला मी कधी पाहिलं नव्हतं.

"ऐकलं बाई त्याने," मी शिरीषला म्हणाले. "पण गेला कुठे?"

नाकाजिमा-सान आणि ओगावा-सान माझ्याकडे बघत होते. ओगावा-सानांनी हळूच मला आपल्या जागेवरची उशी दिली. मग मधुरा आली, डोळ्यांवरचा जाळीचा चष्मा कपाळावर चढवत.

"वहिनी, कोच कुठे गेले?"

"बदलायला गेलेत."

"काय बदलायला?"

"डावपेच."

"स्टेशनवर? वहिनी, तू त्यांना नेमकं काय म्हणालीस? शब्द न् शब्द सांग."

मी सांगितलं. मधुरा खाली बसली.

"काएता म्हणजे बदललं," ती म्हणाली. "काएत्ता म्हणजे घरी गेला. तू मध्ये झटका दिलास. तू त्यांना म्हणालीस, कोचने घरी गेलेलं बरं."

"आत्ता," शिरीष म्हणाला. "लवकर. एमिकडून."

नववा महिना भरलेल्या बायकोचा निरोप म्हणून त्या बिचाऱ्याने माझं बोलणं ऐकलं होतं. त्यात ती फोन उचलत नव्हती. दोन स्टेशनं तो काय काय विचार करत जाणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि मला रडूच यायला लागलं. शिरीष त्याला अडवायला धावला. मधुराने कॅप्टनकडून तानाबे-सानला फोन लावून घेतला, पण तो गाडीत बसलेला. जपानी माणूस गाडीत फोनचा आवाज बंद ठेवतो, मग घरी काहीही झालेलं असो. कॅप्टनने निरोप ठेवला. शिरीष तीन-चार मिनिटांत परत आला. गाडी सुटली होती. त्याच्या हातात थंड कॉफीचे दोन डबे होते.

"मशीन समोरच होतं," तो म्हणाला.

मुलींना काय सांगायचं? मधुराने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे वळून काहीतरी भराभर बोलली. मुलींचे चेहरे आधी घाबरले, मग गंभीर झाले. "काय सांगितलंस?" मी विचारलं.

"कोचच्या घरी तातडीचं काम निघालं आणि जाताना म्हणाले, पुढचं तुम्हीच ठरवा."

"असं कुठे म्हणाले ते?"

"तू तरी जे म्हणायचं ते कुठे म्हणालीस?"

मग एक गोष्ट झाली, जी त्या मोसमात मी पाहिली नव्हती. मुली आपसांत बोलायला लागल्या. एरवी कोचभोवती रिंगण करून मुकाट्याने ऐकणाऱ्या त्या पोरी एकमेकींना बोटं दाखवून सांगत होत्या, तू इथे, मी तिथे. ओगावा-सानांची लाजाळू गोलकीपर तर चक्क कॅप्टनला काहीतरी सुनावत होती. नाकाजिमा-सान उठून उभे राहिले. आणि मधुरा, कुणीही न सांगता, पुढे गेली.

मी मात्र पाटी छातीशी धरून कडेला उभी. समोरच्या टीमची कोच, चांगली धिप्पाड बाई, माझ्याकडे बघून वाकली. मीही वाकले. त्यानंतरचा सगळा वेळ ती माझ्या चेहऱ्यावरून आमचा पुढचा डाव ओळखायचा प्रयत्न करत होती. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा फक्त प्रसूतिगृह होतं.

माझ्या उजवीकडे नाकाजिमा-सान आले, डावीकडे ओगावा-सान. इतके दिवस प्लॅस्टिकवर बसून केलेला वाद आता उभा राहून सुरू झाला. ते ओरडायचे, "पुढे, पुढे!" त्या ओरडायच्या, "घाई नको!" मुलींनी दोघांचंही ऐकलं नाही. मधुराने दोघींच्या मधून अशी काही हुलकावणी दिली, की समोरच्या दोन मुली एकमेकींवर आपटल्या. तीन-पाच. मग कॅप्टनने एक मारला. मग पुन्हा मधुरा. पाच-पाच झाल्यावर शिरीष त्याच्या तक्त्याचा कागद घडी करून वारा घेऊ लागला. शेवटच्या दोन मिनिटांत कॅप्टनने सहावा गोल मारला, आणि नाकाजिमा-सान आणि ओगावा-सान एकमेकांना वाकून नमस्कार करत राहिले, तीनतीनदा. मुली मैदानावर आडव्या पडून हसत होत्या. आम्ही दुसऱ्या गटात राहिलो होतो. मी मात्र स्टेशनच्या रस्त्याकडे बघत होते.

तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. आधी तानाबे-सान उतरला, घामाघूम. मग त्याने हात दिला आणि आतून एमि-सान उतरली. पोट सांभाळत, एकेक पाऊल टाकत ती सरळ माझ्याकडे आली. त्या चार पावलांत मी माफीची सगळी वाक्यं मनात जुळवली आणि एकही धड जुळेना.

"मी झोपले होते," ती म्हणाली. "फोन स्वयंपाकघरात होता. हा दार ठोठावून इमारत जागी करतोय. म्हणतो, तुझा निरोप आला. मी तुमच्याकडे कधी निरोप दिला?"

मी कमरेत वाकले. वाकलेलीच राहिले, कारण तिथून तिचा चेहरा दिसत नव्हता. मग मोडक्यातोडक्या जपानीत, अडेल तिथे मधुराला पुढे करून, सगळं सांगितलं. एमि-सान म्हणाली, "ते वाक्य पुन्हा म्हणा."

मी म्हटलं.

एमि-सानने तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलायला लागले. मग ती हसायलाच लागली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तानाबे-सान घाबरून तिच्याभोवती फिरत होता, "हसू नकोस, हसू नकोस, खाली बस." ओगावा-सानांनी मघाशी मला दिलेली उशी काढून घेऊन तिला दिली.

तानाबे-सान मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा चिडणार. त्याने विचारलं, "मी काय बदलायला हवं होतं?"

मी मैदानावर आडव्या पडलेल्या मधुराकडे बोट दाखवलं. त्याने पाटी परत मागून घेतली आणि तिच्यावर काहीतरी लिहिलं.

मंडळाचा वाद मात्र तिथेच पुन्हा पेटला, आता पुढच्या मोसमावरून. नाकाजिमा-सानांचं म्हणणं, दर मध्यंतराला कोचला घरी पाठवावं. ओगावा-सानांचं म्हणणं, मध्यंतरापर्यंत तरी कशाला थांबायचं? तानाबे-सान हे सगळं मान खाली घालून ऐकत होता आणि, माझा विश्वास बसेना, हसत होता.

सामन्यानंतर नवव्या दिवशी एमि-सानला मुलगी झाली. मी मेथीचे लाडू घेऊन बघायला गेले, तेव्हा तानाबे-सान घरीच होता, बाळाचे कपडे वाळत घालत होता. तो आत गेल्यावर एमि-सान हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवसापासून ऑफिसातून लवकर घरी येतो. म्हणतो, काय सांगावं, खरंच निरोप असेल तर? कृपा करून तुमचं जपानी एवढ्यात सुधारू नका."

मी तिला तसा शब्द दिला आणि तो पुरेपूर पाळला. जपानमध्ये आम्ही सात वर्षं राहिलो. त्या सात वर्षांत माझं बोलणं एखाद्या पुरुषाने मधे न बोलता, कारण न विचारता, ताबडतोब अमलात आणलं ते एकदाच, आणि नेमकं तेच मला म्हणायचं नव्हतं.