डॉक्टरबाई आणि भाभीच्या गालावरचे डाग

"मला माहीत नाही," असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला. त्या आमच्या डॉक्टरबाई. माहेर मुरबाडकडचं, दवाखाना वाशिंदला. माणूस बाकावर येऊन बसतो तो आजाराचं काहीतरी भारदस्त नाव ऐकायला. बाई मात्र चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "मला माहीत नाही. वाचते, विचारते. उद्या या." पुष्कळजण उद्या दुसऱ्याच डॉक्टरकडे जायचे आणि इंजेक्शन टोचून घेऊन समाधानाने घरी यायचे. मला बाईंचा रागच यायचा. थोडं ठोकून द्यायला यांचं काय जातं, असं वाटायचं.

माझ्या सासऱ्यांची चाळ आहे. कारखान्यात कामाला आलेली परगावची माणसं तिथे भाड्याने राहतात. कडेच्या खोलीत बिहारची एक भाभी होती. नवरा कारखान्यात, आणि ही एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे करून द्यायची. एका उन्हाळ्यात तिच्या गालांवर फिकट डाग उठले. नळावर कुजबुज सुरू झाली, "महारोग हाय." डबे बंद झाले. सासऱ्यांनी तिला खोली रिकामी करायला सांगितली. "माझी बाकीची बिऱ्हाडं पळतील गो," ते मला म्हणाले. मी भाभीला धरून बाईंकडे नेलं.

बाईंनी तिला डोळे मिटायला लावून डागांवर कापूस फिरवला. भाभी दरवेळी नेमकं तिथेच बोट ठेवी. "कुष्ठरोग वाटत नाही. डागांवर स्पर्श कळतोय हिला," बाई म्हणाल्या. "मग काय आहे? मला माहीत नाही." झालं! चाळीने अर्थ काढला, डॉक्टरीण लपवतेय.

बाईंची दुसरी खोड चौकशांची. सोयरीक जुळवायला बसल्यासारखं त्या पेशंटचं गाव, घर, गोठा सगळं विचारायच्या. भाभीलाही त्यांनी खोदखोदून विचारलं, तेव्हा गावाकडचा एक लांबलेला ताप बाहेर निघाला. "कालाजार हुआ था, बाई. ठीक हो गया था," भाभी म्हणाली. बाई ताठ बसल्या. त्यांनी तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे कातडीचा तुकडा तपासल्यावर कळलं की काळा आजार बरा होऊन वर्षं लोटली, तरी त्याचे जंतू कातडीत दडून राहू शकतात आणि असे डाग उठतात. औषध होतं, पण बरेच आठवडे घ्यायचं, आणि डाग त्याहूनही सावकाश जाणार होते.

सासरे दवाखान्यात जाऊन बसले. "बाय, पसरतं का नाय, तेवढं सांगा. नाय म्हणालात तर राहू दे तिला." मी मनात म्हटलं, बाई, आज एकदा खोटं बोला!

"हात लावून पसरत नाही, जेवणातून पसरत नाही," बाई म्हणाल्या. "पण वाळूमाशी म्हणून बारीक माशी असते. ती हिला चावून दुसऱ्याला चावली तर पसरू शकतो. आपल्याकडे ती किती आहे, मला माहीत नाही." सासऱ्यांचा चेहरा पडला. बाई पुढे म्हणाल्या, "दादा, हिला हाकललंत तर औषध सुटेल आणि आजार दुसऱ्या चाळीत जाईल. औषध पुरं झालं तर इथेच संपेल. माशी भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत राहते. हाकलायचं तर त्या माशीला हाकला."

सासरे उठून दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "फसवायचं असतं तर तुमी मगाशीच नाय म्हणाला असता."

चाळीच्या भेगा सिमेंटने बुजल्या, चाळीमागच्या गोठ्यातलं शेण लांब गेलं, फवारणी झाली. भाभी राहिली. औषधाने तिला मळमळायचं, ती रडायची, कॅप्सूल फेकून द्यायला निघायची. बाई दवाखाना बंद करून तिच्या दारात उभ्या राहायच्या. "मला शिव्या दे, पण जेवून घे आणि गिळ." बाई मला तेव्हापासून फार आवडू लागल्या.

औषध संपलं, आणि पुढच्या पावसाळ्यात बाई अचानक गेल्या. हृदय बंद पडलं. भाभीचे डाग तेव्हा नुसते पुसट झाले होते. ते पुरते जायला उन्हाळा उजाडला. भाभी मला म्हणाली, "बाईंच्या घरी चला." आम्ही मुरबाडला त्यांच्या भावाकडे गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. भाभीने पदर मागे सारला आणि फोटोसमोर उभी राहून आधी एक गाल दाखवला, मग दुसरा.