पेन्सिल न लागलेली काच

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, पनवेलच्या एका फोटो स्टुडिओत, मुंबईहून आलेल्या प्राध्यापकांनी काचेची निगेटिव्ह उजेडाकडे धरली आणि परत केली. "पेन्सिल लागली आहे. हा पुरावा चालणार नाही."

मी वार्ताहर म्हणून हजर होतो. काच स्टुडिओतल्या रिटचरची होती. ते जवळच्या कोन गावचे, पन्नाशीचे. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग घालवणं हे त्यांचं काम. "जरा हात फिरवतो," असं म्हणत ते खाली मान घालायचे.

टाकळ्याच्या रोपांवर भिरभिरणारी पिवळी फुलपाखरं तुम्हीही पाहिली असतील. नर-मादी आपल्याला जवळपास सारखीच दिसतात. रिटचरनी भंगारात मिळालेली एक काळी काच कॅमेऱ्यापुढे लावली. तिच्यातून मुख्यतः डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणच जात. फोटोत नराचे पंख पांढरे आले, मादीचे काळे; म्हणजे त्या किरणांत नराचेच पंख चमकत होते.

"मादी चमकनारा नर निवडत असंल," ते सांगत. "म्हनून पिढ्यान्‌पिढ्या चमक वाढली असंल."

कोणी ऐकून घेत नव्हतं. प्राध्यापक आले ते सहा पत्रांनंतर. आणि नेमका काचेवर, नराच्या पंखाच्या जागी, धुळीचा कण बसला होता. पेन्सिल लागली की छापात तेवढी जागा पांढरी येते.

स्टुडिओचे मालक हसले. "नवरीची मुरमं पुसायची खोड! फुलपाखराचंही लगीन लावलंस काय रे?"

"एकच टिपका भरला वो साहेब, सवयीनं. दुसरी काढतो. तुमच्यासमोर."

"माझी बस बाराची आहे."

फोटोची कोरी काच एकच उरली होती. जपून ठेवलेली नर-मादी दोन्ही फुलपाखरं रिटचरनी मागच्या अंगणात काळ्या पुठ्ठ्यावर टाचली. "आता हलायचं नाय कुनी." काळी काच पुढे लावून त्यांनी काही मिनिटांसाठी भिंगावरचं झाकण काढलं. मिनिटभरात ढग आला. त्यांनी झाकण लावलं आणि वर बघत उभे राहिले. मालकही वर बघू लागले. ऊन आल्यावर उरलेला वेळ पुरा केला.

"काच तुमीच धुवा," ते प्राध्यापकांना म्हणाले. स्वतः डार्करूमच्या दाराबाहेर थांबले, हात पाठीमागे बांधून.

स्टँडवरून बस सुटल्याचा हॉर्न ऐकू आला. प्राध्यापक बाहेर आले नाहीत. आले तेव्हा ओली काच त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं: नर काळा होता, मादी कोरी.

"आता चालेल," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी प्राध्यापकांच्या लेखात ते छायाचित्र छापून आलं. अंक घेऊन मी कोनला गेलो. रिटचर पावसाळ्यातच वारले होते. अंक त्यांच्या बायकोनं ठेवून घेतला.