गाऊन रायलो

आमच्या बँडमध्ये मी गिटार वाजवायचो आणि अक्कल शिकवायचो. पहिलं काम मला फारसं जमत नव्हतं. कॉलेजचे शेवटचे दिवस होते, कॅम्पातल्या दुकानांत परदेशी कॅसेटी सहज मिळायला लागल्या होत्या, आणि पोर्तुगालच्या एका गॉथिक मेटल बँडने आम्हा चौघांना पार झपाटलं होतं. कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवणाऱ्या एका कारखान्यावरची खोली आम्ही तालमीला घेतली होती. खाली दिवसभर हातोडे चालायचे, त्यामुळे आमच्या ड्रमबद्दल तक्रार करायला कुणाला तोंडच नव्हतं.

त्या बँडचा सुरुवातीचा आवाज रानटी होता. गायक गायचा कसला, गुरगुरायचाच. पुढे तोच माणूस खर्जात, संथ, जवळजवळ लाडात येऊन गायला लागला. मग कॉम्प्युटरचे, यंत्रांचे आवाज घुसले. दरवेळी मी जाहीर करायचो, "संपले हे. विकले गेले." जणू लिस्बनहून ते माझी परवानगी घ्यायला येणार होते!

आमचा गायक अकोल्याचा, वसतिगृहात राहणारा. त्याला ते बदल आवडायचे. "अबे, मानूस मोठा होऊन रायला, तर आवाज बदलनच ना," म्हणायचा. इंग्रजी गाण्यांत मध्येच पोर्तुगीज ओळ आली की टेप मागे नेऊन पुन्हा ऐकायचा. "पाह्य बे, मधातच आपल्या घरची भाषा घालते ते." स्वतः त्याने खर्ज लावला की खालचे हातोडे क्षणभर थांबायचे. माझ्या गिटारसाठी एकही हातोडा कधी थांबला नाही.

एका दुपारी त्याने वहीतून स्वतःचं गाणं काढलं. वऱ्हाडीत. कोरड्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस, आणि वर उजेडाचं ताटाएवढं वाटोळं. त्या दिवशी कॉलेजातली पाचसात मंडळी ऐकायला आली होती. पहिल्याच कडव्याला सगळी गप्प झाली. माझ्या अंगावर काटा आला आणि पाठोपाठ हेवा वाटला. असं काही मला सात जन्मांत सुचलं नसतं. मी उगाच तारा जुळवायच्या निमित्ताने त्याला थांबवलं.

"थांब ना बे," तो म्हणाला, "मी गाऊन रायलो."

"गाऊन राहिलास ना?" मी म्हणालो. "मग झालं तर. आता राहू दे."

खोली हसून लोळली. त्यांच्याकडे 'गाऊन रायलो' म्हणजे गातोय, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोही हसला. वही मिटली आणि इंग्रजी गाणं धरलं. ते विहिरीचं गाणं त्याने पुन्हा कधी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नंतर तो मलाच विचारायला लागला, "हे बरोबर बोललो का रे?" आणि मी मास्तरासारखा, "आनि नाही, आणि. पानी नाही, पाणी." मदत करतोय असं वाटायचं मला. शरम वाटते आज.

पुढे मी हिंजवडीत आयटीत नोकरीला लागलो. अमेरिकेशी बोलताना जीभ वळवून त्यांच्यासारखा बोलायचो, माझं नाव त्यांना झेपेना म्हणून ते निम्मं केलं. तेव्हा काही 'विकलो गेलो' असं वाटलं नाही हो. बढती मिळाली.

मग बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये त्याच बँडचा नवा अल्बम ऐकत होतो. अख्खाच्या अख्खा पोर्तुगीजमध्ये, त्यांच्या शहरात पूर्वी झालेल्या भूकंपावर. आवाज पुन्हा दणकट, पण आता पिकलेला. एक शब्द कळत नव्हता आणि मी वाकडच्या गर्दीत अडकून ढसाढसा रडत होतो. शेजारचा बिचारा खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या त्या गायकाचा नंबर मिळवला. खराडीत नोकरीला होता. "हॅलो, आपण कोण बोलताय?" आवाज तोच, भाषा मात्र माझ्याहून शुद्ध. मी भडाभडा सगळं सांगितलं, माफी मागितली. म्हटलं, ते विहिरीचं गाणं एकदा म्हण ना.

"अरे, इतकं काय मनावर घ्यायचं," तो म्हणाला. "आणि गाणं आठवतंय मला. पण आता ते माझ्या तोंडून पुस्तक वाचल्यासारखं येतं. मी करून पाहिलंय."

तोच पुढे हसत म्हणाला, "आईला फोन केला की ती विचारते, साह्यबासारखा काहून बोलून रायला रे माह्यासंग?"

त्या माउलीचं वाक्य त्याने मला अगदी परक्या बोलीची नक्कल करून दाखवावी तसं म्हणून दाखवलं.