बांधावरची फडकी

आमच्या गावात कुणाचं भलं करायला जाऊ नये, असं माझं आता ठाम मत झालंय. नवरा नाशिकला नोकरीला, त्यामुळे नांदगावकडची शेती मीच बघते, आणि शेतीबरोबर हे लोकही मलाच बघावे लागतात.

दरवर्षी दिवाळी झाली की मेंढपाळांचा एक वाडा आमच्या शिवारात उतरायचा. वाडा म्हणजे चार-पाच बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, सामान वाहणारी घोडी आणि अंगावर धावून येणारी कुत्री. काढणी झालेल्या रानात ते रात्री मेंढरं बसवायचे. सकाळी वावरभर लेंड्यांचं खत पडलेलं असायचं, आणि त्याबद्दल आम्ही त्यांना बाजरी द्यायचो. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही हे असंच चालायचं. वाड्यावरच्या म्हातारीला मी मावशी म्हणायचे. तिचा नवरा वाड्याचा कारभारी, त्यांना सगळे बाबा म्हणत.

पुढे औषधांच्या फवारण्या वाढल्या आणि भांडणंही वाढली. मेंढरू फवारलेल्या पिकात शिरायचं आणि मरायचं. शेतकरी ओरडायचा की माझं पीक खाल्लं, मेंढपाळ ओरडायचा की माझं जनावर गेलं. एकदा तर काठ्या निघाल्या. मग मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि तिथे मीच सुचवलं की ज्यानं फवारलंय त्यानं बांधावर काठीला पांढरं फडकं बांधावं. फडकं दिसलं की मेंढरं आत घालायची नाहीत. फडकं नसेल आणि काढणी झाली असेल, तर चरू द्यायची. बाबांनी भंडारा उचलून शब्द दिला. आमच्या मंडळींनी माना डोलावल्या.

पहिल्या वर्षी एकही मेंढरू मेलं नाही, एकही शिवी ऐकू आली नाही. मला तर फार बरं वाटत होतं. बायकांत बसून मी ते चारदा सांगितलंही असेल.

दुसऱ्या वर्षी माझ्या चुलत दिरानं कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावराला फडकं बांधलं. तिथे फवारायला होतं काय, माती? मी विचारलं, तर तोंड वर करून म्हणाला, "वहिनी, जुनं धोतर तर हाय. मेंढरं लांब राहत्यात, मग काय वाईट हाय?"

एकाची अक्कल गावभर व्हायला वेळ लागत नाही. धोतरं, परकर, खताच्या पांढऱ्या गोण्या, जे हाताला लागेल ते काठीवर चढलं. गायरानाच्या कडेलासुद्धा! गायरान काय कुणाच्या बापाचं होतं? मी घरोघर जाऊन सांगितलं की असं करू नका, खऱ्या फडक्यावरचाही विश्वास उडेल. "वहिनीला मेंढरांचा लय पुळका," म्हणून हसले.

मावशी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "बाई, तुमच्या गावानं सगळंच शिवार फवारलंय का वं?"

मी म्हटलं, "नाही मावशी. पण कुठलं खरं आणि कुठलं खोटं, हे मलाही सांगता येणार नाही. माझ्या वावरात उतरा."

ते उतरले, पण माझं वावर ते केवढं? दोन दिवसांत जमीन उघडी पडली. माणसं पोटाला चिमटा काढतील, मेंढरांना ते कसं सांगणार? दूध आटायला लागलं, कोकरं लुचून लुचून ओरडायची. शेवटी बाबांनी फडकं असलेल्या एका वावरात मेंढरं घातली. काही झालं नाही. दुसऱ्यात घातली, तिथेही काही नाही. तिसरं वावर माझ्या दिराच्या कोबीचं. अर्धा कोबी काढून झालेला, आणि उरलेल्या गड्ड्यांसाठी त्यानं आदल्याच दिवशी फवारलेलं. त्या एका बांधावरचं फडकं खरं होतं.

मी पोचले तेव्हा मेंढ्या पाय झाडत पडल्या होत्या. तोंडाला फेस. बाबा एकीवरून दुसरीकडे धावत चिंचेचं पाणी पाजत होते, आणि पाजून होण्याआधीच ती मान टाकत होती. त्यापेक्षा वाईट वाड्यावर पाहिलं. लहान कोकरं चरायला नेत नाहीत, ती वाड्यावरच ठेवतात. तिन्हीसांजेला कळप परत येतो आणि प्रत्येक कोकरू आपली आई हुडकत धावतं. त्या दिवशीही धावली. उरलेल्या मेंढ्या परक्या कोकराला लाथेनं उडवत होत्या. मावशी एकेका कोकराला उचलून त्यांच्या सडाला लावत होती आणि मोठमोठ्यानं रडत होती. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक. मला वाटलं, दीर निदान खाली मान घालून बसेल. तोच पहिला उठला. "फडकं व्हतं का नव्हतं? नियम कुणी मोडला?" सगळे म्हणाले, बरोबर आहे. मी खोट्या फडक्यांचं बोलायला लागले तर मला खाली बसवलं. आणि बाबांनी, ज्यांची निम्मी मेंढरं गेली होती त्यांनी, हात जोडले. म्हणाले, "चुकलं आमचं." मला आजही ते हात आठवले की अंगाची लाही होते.

वाडा गेला तो पुन्हा आला नाही. दुसरेही कुणी येत नाहीत. यंदा तालुक्याला पीक आणि गुरं यांच्या तंट्यांवर बैठक होती. तिथे साहेबांनी आमच्या गावाचं नाव घेतलं, की इथून एकही तक्रार नाही. दिरानं शाल घेतली आणि मोठ्या मनानं सांगितलं की युक्ती आमच्या वहिनींची. टाळ्या वाजल्या. मी उठून बाहेर आले, तर शेजारच्या गावचा एक शेतकरी मागोमाग आला.

"ताई, आमच्याकडंबी फडकी लावायची हायेत," तो हळूच म्हणाला. "पण एक सांगा, एवढ्यानंच भागतंय, का आधी थोडी मरावी लागत्यात?"