मोरीतलं कुणीतरी

राजाजीनगरातल्या आमच्या घरामागच्या नाल्याला सगळे मोरी म्हणतात. खाली एकटे राहणारे भाडेकरू तेवढे नदी म्हणतात. मेलेल्या नद्या पुन्हा जित्या करायच्या, हीच त्यांची नोकरी. दर रविवारी ते गमबूट घालून मोरीत उतरतात, दगड उलथून बघतात, पांढऱ्या ट्रेमध्ये गाळ पसरून किडे शोधतात. वर आले की मी गॅलरीतून विचारते, "काय सापडलं?"

"कुणी नाही, अक्का."

काय नव्हे, कुणी. किड्यांबद्दल असं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एरवी ते फारसं बोलतच नाहीत. त्यांच्याकडे कोणी आलेलंही मला आठवत नाही.

काल माझी बेल वाजली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते जिना चढून आले होते, चिखलाच्या बुटांसकट.

"अक्का, कुणीतरी आलंय."

ट्रेमध्ये चतुर किड्याचं, पाण्यातच वाढणारं पिल्लू होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. आम्ही दारातच वाकून बघत राहिलो. मी कॉफीचं विचारलं.

"नको, याला घरी सोडायचंय," म्हणाले आणि जपून जिना उतरून मोरीकडे गेले.

रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला. त्यानं नेहमीसारखं विचारलं, "आज कुणी आलं होतं का?"

"हो," मी म्हटलं. "दोघं."