मीटरवरचं कुंकू

मित्रहो, आज सकाळी आमच्या फुलचूरच्या घरी स्मार्ट मीटर बसवायला माणूस आला. जुनं चकतीचं मीटर उतरवता उतरवता तो थांबला. सीलवर वर्षानुवर्षांचं कुंकू घट्ट बसलेलं.

"काका, ये लाल क्या है? सील से छेड़छाड़ हुई है."

आमची ही आतूनच ओरडली, "दसऱ्याची पूजा हाय ना जी ते! शिलाई मशीनले लावतो, सायकलले लावतो, मीटरले काऊन नाही?"

त्याने ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, 'सील संशयास्पद'. वर म्हणतो, "ऑफिस में आके समझाना."

ज्याच्या फिरत्या चकतीकडे बघत शाळेतल्या कविता गुणगुणलो, त्याच मीटरचा मी वीजचोर? उभ्या आयुष्यात तारेवर आकडा टाकला नाही. आता या वयात साहेबापुढे उभं राहून कुंकवाचा खुलासा करायचा!

तो गेला. मी कागद हातात धरून चरफडत बसलो होतो. बाहेर पाहतो तर ही कुंकवाची वाटी घेऊन नव्या मीटरपुढे उभी.

"अगं, थांब!"

"नवीन वस्तू घरात आली, बिनपूजेची कशी ठेवू जी?"

सांगा मंडळी, तिला काय उत्तर देऊ?