ठप वाजलेलं चाक

शाळेत मी हेडसरांचा आवाज काढून अख्खा वर्ग उभा करायचो. या कलेला वाशीममध्ये कुणी पगार देत नाही, म्हणून पुण्यात आलो आणि हडपसरला गाड्यांची जुनी अलॉय व्हील घासायला लागलो.

फुटपाथला घासून खरवडलेली, ब्रेकच्या धुळीनं काळी पडलेली चाकं यायची. टायर काढायचा, जुना रंग उडवायचा, घासून सपाट करायचं, नवा रंग देऊन भट्टीत भाजायचं. पण त्याआधी मिस्त्री चाक हुकाला टांगायचे आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं हळूच ठोकायचे. चांगलं चाक टणण्ण वाजतं, लांबपर्यंत. आत तडा असेल तर नुसतं ठप. असा तडा डोळ्याला दिसत नाही, वाजवूनच कळतो.

मिस्त्री इथल्याच गावचे, पन्नाशी उलटलेले. घासण्याचा आवाज अडवायला कानावर लावायचे मफ शेठनी आणून दिलेले, ते प्लास्टिकसकट खिळ्याला लटकत होते. "घासताना बी चाक काय बोलतंय ते ऐकावं लागतं रं," म्हणायचे.

माझा रोजचा खेळ ठरलेला. मिस्त्रींच्या मागे जाऊन शेठच्या आवाजात म्हणायचं, "मिस्त्री, झोप झाली असेल तर चाकाकडे बघू या का?" ते दचकायचे, चहा सांडायचा, "वऱ्हाडी माकडा!" म्हणत पाठीत धपाटा. एक दिवस दचकलेच नाहीत. कंप्रेसर बंद होता. मी परत ओरडलो. त्यांचा फडका चाकावर फिरतच राहिला. मला वाटलं, मुरले आता. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकले.

"मिस्त्री, ऐकू येत नाही तुम्हाला?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "आधी कानात रातकिडा बसला व्हता. आता त्योबी गेला. शेठला बोलू नगं. या वयात मला दुसरं कोन ठेवंल?"

तेव्हापासून ते ठोकायचे आणि माझ्याकडे बघायचे. टणण्ण असेल तर मी भुवया उडवायचो, ठप असेल तर तोंड वाकडं. शेठना वाटायचं, कार्टं नकला करतंय.

खंडेनवमीला सकाळीच शेठनी मला मंडईत झेंडू आणायला पाठवलं. गर्दीत दुपार झाली. परत आलो तर चार चाकं माझ्या भुवयांशिवायच रंगून हुकाला लटकलेली, आणि गिऱ्हाईक आईवडलांना घेऊन त्याच चाकांवर साताऱ्याला निघायच्या घाईत. गिऱ्हाइकांपुढे माझा नेहमीचा शो असायचा. दांडा उचलला. "ऐका साहेब, देवळातली घंटा!" टणण्ण. टणण्ण. टणण्ण.

ठप.

साहेब हसले. "ही घंटा उपाशी दिसते." शेठ फोनवर होते. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. भुवया उडवायला काय लागतं? पण मध्ये खंबाटकीचा घाट होता, आणि दाराबाहेर बाकावर बसलेली साहेबांची म्हातारी आई मला दिसत होती. नाही उडाल्या.

"शेठ," मिस्त्रीच बोलले, गरजेपेक्षा मोठ्यानं, "चौथं चाक देऊ नका. तडा हाय. मला ऐकूच आलं न्हाई. वरीस झालं, कायच ऐकू येत न्हाई."

शेठनी फोन ठेवला. "अहो, मग वर्षभर मी बोलत होतो कुणाशी?"

कुणी हसलं नाही. शेठही नाही.

हत्यारांची पूजा झाली. मिस्त्रींनी हातोडीला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, पेढा खाल्ला. शेठ म्हणाले, "आता घरी आराम करा." मग तेच परत म्हणाले, ओरडून. मिस्त्री डबा घेऊन गेले.

दसऱ्यानंतर हातोडी माझ्याकडे आली. ठोकतो मी, ऐकतोही मीच. एक मिस्त्री सोडले तर सगळ्यांच्या नकला अजून करतो. मफ काढून लावून बघितले. घासताना ग्राइंडरची डिस्क चाकाला कुठे चावतेय तेच कळेना. परत टांगले.

परवा जेवायच्या सुट्टीत कंप्रेसर बंद केला आणि उजव्या कानात बारीक किर्र सुरू झालं. थांबेचना.

"शेठ, इथे कुठे रातकिडा ओरडतोय का हो?"

"भर दुपारी?" शेठ डब्यातून मान वर न करता म्हणाले. "आता किड्यांच्याही नकला सुरू केल्यास का?"

मी हो म्हणालो.